‘काटेकोर’ : एका शब्दाचा अर्थ व उपयोग

पेण तालुक्यातील आपल्या डोलवी गावी ‘काटा’ म्हणजे काय हे ज्यास ठाऊक नाही असा मुलगा शोधूनही सापडावयाचा नाही. पोलादाच्या कारखान्याकडे माल घेऊन जाणारी अवजड मालमोटार प्रथम काट्यावर घेतात. माल उतरून ती रिकामी परत निघाली म्हणजे पुनः काट्यावर घेतात. आणि दोन वजनांत जे अंतर पडेल ते मालाचे वजन धरून पावती देतात. ‘काटा झाला का?’ हा प्रश्न मोटारवाल्यांच्या तोंडी ‘जेवण झाले का?’ याइतकाच नित्याचा असतो. मौज अशी की, आजच्या या वजनकाट्याला काटा म्हणून मुळी नसतोच. लोखंडी फलाटावर गाडी उभी राहते आणि शेजारच्या खोलीतील यंत्रावर आकडे उजळतात. तरीही नाव राहिले ते काट्याचेच. वस्तू जाते आणि नाव मागे उरते, असे भाषेत पुष्कळदा घडते.

खाडीच्या मासळीत दुसरा काटा असतो, बांधावरच्या बाभळीला तिसरा, शाळेच्या घड्याळात चौथा. या सर्वांचे मूळ संस्कृतातील ‘कण्टक’ या शब्दात आहे. जे बारीक, टोकदार व ताठ, त्यास आपण काटा म्हटले. परंतु आज आम्हांस विचार करावयाचा आहे तो तराजूच्या काट्याचा, आणि त्यापासून निघालेल्या ‘काटेकोर’ या शब्दाचा.

हाच शब्द आम्ही का निवडला, असे कोणी विचारील. कारण असे की, हा शब्द आपल्या घरांत दोन अगदी निराळ्या सुरांत उच्चारला जातो. मुलगा गुणपत्रक घेऊन घरी येतो आणि म्हणतो, “आमच्या बाई फार काटेकोर आहेत.” येथे सूर तक्रारीचा असतो. त्याच घरात संध्याकाळी गणेशोत्सवाच्या वर्गणीची गोष्ट निघते आणि वडील म्हणतात, “पैसे अमक्यांच्या हाती द्या, माणूस मोठा काटेकोर आहे.” येथे सूर विश्वासाचा असतो. शब्द तोच, माणसाचा गुणही तोच. मग एकदा नाक मुरडावे आणि एकदा थैली सोपवावी, हे कसे? आमच्या मते हे कोडे शब्दाच्या पोटात शिरल्यावाचून सुटणार नाही.

शब्दाची फोड केली तर ‘काटा’ आणि ‘कोर’ असे दोन तुकडे हाती येतात. कोर म्हणजे कड, धार, किनार. भाकरीची कोर आणि चंद्राची कोर आपल्या परिचयाची आहे. काटा कोठे असतो हे मात्र आजच्या मुलांस सांगावे लागेल, कारण दुकानांतून आकड्यांची यंत्रे आली. जुन्या तराजूची दांडी मध्यावर टांगलेली असे. त्या मध्यावर दांडीला काटकोनात एक बारीक काटा बसविलेला असे. उजवे पारडे जड झाले की दांडीबरोबर काटाही एका अंगास झुके, डावे जड झाले की दुसऱ्या अंगास. दोन्ही पारडी समान झाली म्हणजेच तो सरळ उभा राही. सोनाराचा लहान तराजू तर ‘काटा’ याच नावाने ओळखला जाई. आठ गुंजांचा एक मासा व बारा मासे मिळून एक तोळा. म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा होत. एका गुंजेच्या चुकीनेही गिऱ्हाइकाचे किंवा सोनाराचे नुकसान होई. अशा ठिकाणी काटा कोरभरही ढळू न देणे यास किती महत्त्व असेल ते सांगावयास नको. जुने लोक अचूक वजनास ‘काटेतोल’ असेही म्हणत.

आता या तराजूभोवती आपल्या भाषेने काय काय वाक्प्रचार विणले आहेत ते पाहू. दुकानदाराने आप्तास चार दाणे अधिक घातले आणि पारडे खाली गेले, तर ते ‘झुकते माप’. हे प्रेमाचे असते. परंतु न्यायाधीशाने अथवा पंचाने झुकते माप दिले असे म्हटले तर तो दोष होतो. उलट, वजनात लबाडी करण्यास ‘काटा मारणे’ म्हणतात. देशावरील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी हा वाक्प्रचार फार आहे, कारण वर्षभराच्या श्रमाचे मोल तेथे एका वजनावर ठरते. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रे ‘काँटे की टक्कर’ हा हिंदी प्रयोग जसाच्या तसा छापतात. म्हणजे काटा कोणत्या बाजूस झुकेल ते सांगता येत नाही अशी झुंज.

या सर्व प्रयोगांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, आणि आमच्या सांगण्याचे सार तिच्यातच आहे. काटा कोणत्याही पारड्याचा नसतो. तो दोहोंच्या मध्ये उभा असतो. माल देणाऱ्याच्या बाजूने तो जितका कडक, तितकाच घेणाऱ्याच्या बाजूने. म्हणून जो मनुष्य आपले येणे पैपर्यंत वसूल करतो आणि देणे मात्र ‘पुढे पाहू’ म्हणून लांबवितो, त्यास काटेकोर म्हणणे ही भाषेची चूक आहे. त्याच्यासाठी चिक्कू, चिकट, कवडीचुंबक असे शब्द आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेले आहेत. त्यांची टंचाई नाही. काटेकोर मनुष्य तो, ज्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या विरुद्ध निघाला तरी तो तितक्याच शांतपणे मांडतो.

असाच प्रकार इंग्रजीत झाला आहे, हे पाहून वाचकांस नवल वाटेल. नेमकेपणाचा आग्रह धरणाऱ्यास इंग्रजीत ‘स्टिक्लर’ म्हणतात. आज त्या शब्दाला थोडा उपहासाचा वास येतो. नियमांवर अडून बसणारा, असा. परंतु सुमारे ५०० वर्षांपूर्वी तो शब्द वापरात आला तेव्हा त्याचा अर्थ होता पंच : कुस्तीत किंवा द्वंद्वयुद्धात दोघांच्या मध्ये उभा राहून अधर्म होऊ न देणारा मनुष्य. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथील देशी कुस्तीच्या पंचांना आजही स्टिक्लर असेच म्हणतात. पाहा, एका भाषेने तराजूचा काटा घेतला, दुसरीने आखाड्यातील पंच घेतला. दोघेही मधले, दोघेही कोणाचे नव्हत. इतक्या दूरच्या दोन भाषांनी नेमकेपणाचा उगम निःपक्षपातात शोधावा, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते.

आपल्याकडे कुस्तीपेक्षा कबड्डीचे वेड अधिक. रायगड जिल्ह्यातील गावोगावी मैदान आखलेले असते. चढाई करणाऱ्या गड्याने निदान रेषा ओलांडली किंवा नाही, हे पाहणारा पंच रेषेवर डोळा ठेवून उभा असतो. पाय बोटभर अलीकडे राहिला असेल तर त्या गड्याचे गाव कोणते, त्याच्यामागे ओरडणारी माणसे किती, याचा विचार न करता त्याने निर्णय द्यावा लागतो. त्या क्षणी अर्धे मैदान त्याला नावे ठेवते. पुढच्याच चढाईत तोच नियम दुसऱ्या संघास लागला म्हणजे उरलेले अर्धे ठेवते. दोन्ही बाजूंची बोलणी ज्याने सारखीच खाल्ली, तो पंच बहुधा काटेकोर असतो, असा आमचा अनुभव आहे.

आता या शब्दाच्या शेजारपाजाऱ्यांकडे वळू. मराठीत नेमकेपणाचे शब्द पुष्कळ आहेत. परंतु एकाच्या जागी दुसरा बसविला की वाक्याचा तोल जातो. ‘अचूक’ व ‘बिनचूक’ हे केलेल्या कामाचे गुण आहेत. उत्तर अचूक असते, नेम अचूक असतो. तो एखाद्या वेळी दैवानेही साधतो. काटेकोरपणा दैवाने साधत नाही, त्यास सवय लागते. ‘तंतोतंत’ हा शब्द दोन वस्तूंची तुलना मागतो : तंतूशी तंतू जुळावा तशी नक्कल मुळाशी जुळली. ‘चोख’ या शब्दात शुद्धतेचा भाव आहे. चोख सोने, चोख व्यवहार. ‘नेटका’ म्हणजे सुबक व व्यवस्थित. नेटके अक्षर लिहिणाऱ्याच्या गणितात चूक असू शकते. ‘शिस्तीचा’ मनुष्य नियम पाळतो, परंतु नियमात मोजमाप असलेच पाहिजे असे नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाविषयी रघुनाथरावांस तोंडावर दोषी ठरविले. त्यांस आपण निःस्पृह म्हणतो, बाणेदार म्हणतो, परंतु काटेकोर म्हणत नाही. तेथे प्रश्न मोजण्याचा नव्हता, धैर्याचा होता.

दुसऱ्या बाजूस वाईट शेजारी आहेत. ‘कीस काढणे’, ‘खुसपट काढणे’, ‘काथ्याकूट करणे’, ‘छिद्रान्वेषी’, ‘हेकट’ हे ते शेजारी होत. काटेकोर मनुष्याचा व यांचा चेहरा दुरून सारखा दिसतो, म्हणूनच गल्लत होते. फरक ओळखण्याची खूण आम्ही अशी सुचवितो : तो ज्या अंतरासाठी अडून बसला आहे त्या अंतराने पुढे काही बिघडणार आहे काय? बिघडणार असेल तर तो काटेकोर. काहीच बिघडणार नसेल, केवळ आपले खरे व्हावे एवढीच इच्छा असेल, तर तो काथ्या कुटतो आहे.

ही खूण आपल्या गावाच्या भोवतीच पारखून पाहता येईल. अंबा नदी धरमतरच्या खाडीला जेथे मिळते, त्या सर्व प्रदेशात भातशेती खाऱ्या पाण्याच्या शेजारी करावी लागते. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून खाडीच्या कडेने बांध घातलेले असतात. यास खारबंदिस्ती म्हणतात. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिच्या वाटेने बाहेर जाते, आणि भरती चढू लागली की तिची दारे मिटून खारे पाणी बाहेर अडते. या कामासाठी सरकारने १९४८ साली व पुनः १९७९ साली स्वतंत्र कायदे केले, यावरून त्याचे महत्त्व समजावे.

आता असे समजा की, बांध हजार हात लांब आहे व त्याची उंची उधाणाच्या पाण्यापेक्षा दोन हात अधिक आहे. केवळ एका ठिकाणी पाच हातांची जागा वीतभर ठेंगणी राहिली. त्या बांधाची उंची किती? पाटीवर सरासरी काढणारा विद्यार्थी म्हणेल, जवळजवळ पुरी. खाडीचे पाणी सरासरी काढीत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आले, वर वारा सुटला, आणि पाणी त्या वीतभर उणिवेला जाऊन भिडले म्हणजे तेथूनच माती सुटू लागते. पाहता पाहता खांड पडते. आत गेलेले खारे पाणी दुसऱ्या दिवशी ओसरले तरी मीठ जमिनीत राहते, आणि ते धुऊन जाण्यास पावसाळे मोजावे लागतात. ज्या म्हाताऱ्याने बांधावर उभे राहून, “पोरांनो, येथे अजून दोन घमेली माती घाला,” असे दहादा सांगितले आणि ज्याला मुलांनी “आजोबा, किती कटकट करता!” असे उत्तर दिले, तो म्हातारा काटेकोर होता. बांधाची उंची त्याच्या सर्वांत ठेंगण्या जागी मोजावयाची असते, एवढेच तो म्हणत होता. त्याची स्वतःची शेती त्या टोकाला असो वा नसो.

याच खाडीवर उलट उदाहरणही मिळते. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे पाठ करून घेत. त्यांतील पाऊणकीचा उपयोग किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ काढण्यास करीत आले आहेत. तिथीला पाऊणपट करावे म्हणजे पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबई बंदराच्या मानाने हा हिशेब स्थूल आहे, आणि पाणी खाडीच्या आत पोहोचेपर्यंत आणखी काही वेळ जातो. तथापि जाळे टाकण्यास किंवा होडी लोटण्यास तो पुरतो. होडीवाला “तीनच्या सुमारास” म्हणाला असता त्यास “तीन वाजून किती मिनिटांनी?” असे विचारणारा मनुष्य काटेकोर नव्हे, तो केवळ त्रासदायक आहे. मात्र धरमतरच्या धक्क्यावर खनिजाने भरलेले गलबत लावावयाचे असेल तर पाऊणकीवर विसंबून चालत नाही. तेथे भरती-ओहोटीची छापील कोष्टके पाहावी लागतात, कारण पाणी हातभर कमी पडले तर तळ गाळात रुतेल. पाणी तेच, खाडी तीच; काम बदलले म्हणून मापही बदलले.

कारखान्यातही हेच. भट्टीतून निघालेल्या वितळलेल्या लोखंडाच्या शंभर भागांत सुमारे चार भाग कार्बन असतो. असे लोखंड ठिसूळ असते. त्याचे पत्रे करावयाचे तर तो कार्बन काढून काढून पाव भागाहूनही कमी करावा लागतो. शंभरात पाव भाग म्हणजे किती थोडा! परंतु त्या थोडक्यावरच पत्रा वाकेल की तडकेल हे ठरते, आणि म्हणून तेथे नमुने घेऊन पुनः पुनः तपासतात. त्याच कारखान्याच्या फाटकावरील मोठ्या वजनकाट्यावर मात्र दहा-वीस किलोंच्या टप्प्याने वजन दाखविले तरी चालते. मालमोटार गुंजांत तोलण्याचा आग्रह कोणी धरील तर आपण हसू. काटेकोर मनुष्यास कोठे गुंज पाहावयाची व कोठे मण पाहावयाचा याचा विवेक असतो. हा विवेक सुटला की त्याचाच कीस काढणारा होतो.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत ज्यांनी काम पाहिले असेल त्यांस हे सांगण्याचे कारण नाही. पोट, सोंड, हात यांचा रंग अनेक हात मिळून देतात. डोळ्यांची आखणी मात्र ज्याचा हात बसलेला आहे असाच कारागीर करतो. भुवईची रेघ केसभर वर गेली तर मूर्ती रागावलेली दिसते.

माणसांत काटेकोरपणा पाहावयाचा तर आपल्या तालुक्यातच एक मोठे उदाहरण आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला, व त्यांचे बालपण तेथेच गेले. गणित हा त्यांचा आवडता विषय. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढच्या वर्षी एक वर्षाची रजा मागून ते वाईस गेले आणि नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे यांचा अभ्यास केला. त्या काळात गांधीजींस लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या वर्षाचा जणू जमाखर्चच मांडला आहे : काय वाचले, काय शिकविले, किती चाललो, काय खाल्ले, कोणती व्रते पाळली. वर्ष पुरे होताच, बोललेल्या दिवशी, ते आश्रमात हजर झाले. त्यांच्याकडे तारखेचा तगादा कोणी लावलेला नव्हता. चार दिवस उशीर झाला असता तरी कोणी रागावले नसते. येथे देणारा तेच, आणि मोजणाराही तेच होते.

शब्दांच्या बाबतीतही त्यांची हीच वृत्ती होती. भगवद्गीतेचे समश्लोकी मराठी रूपांतर, म्हणजे ‘गीताई’, त्यांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी आरंभिले व ६ फेब्रुवारी १९३१ रोजी संपविले. १९३२ साली ते प्रसिद्ध झाले. रचना चार महिन्यांत झाली खरी. परंतु तिच्यातील शब्दांची छाननी पुढे कित्येक वर्षे चालूच राहिली, आणि आपले बंधू शिवाजीराव यांच्यासह त्यांनी गीताईच्या शब्दार्थांचा स्वतंत्र कोशही सिद्ध केला. आपल्याच पुस्तकातील शब्दांचा हिशेब वाचकांपुढे ठेवणारे लेखक फार थोडे.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. मोडी लिपीत लिहिताना लेखणी न उचलता ओळच्या ओळ लिहीत. शब्द तोडून लिहिण्याची वा विरामचिन्हे घालण्याची चाल नव्हती. छापील मराठीत विरामचिन्हांची व्यवस्था लावण्याच्या कामी मेजर थॉमस कँडी यांनी पुढाकार घेतला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व १८५७ साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली. त्या कामातही कँडी यांचा हात होता. पुढे शाळांची मराठी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. त्यांनी लावलेल्या वळणाविषयी मराठी विद्वानांत मतभेद झाले आणि ते होणे साहजिकही होते; परदेशी मनुष्याचा कान अखेर परका. परंतु स्वल्पविराम कोठे हवा याबद्दल मराठीत वाद होऊ शकतो, ही गोष्ट त्यांच्यामुळे पुष्कळांस प्रथम कळली.

या जुन्या पुस्तकांत आपला शब्द ‘कांटेकोर’ असा, डोक्यावर टिंब देऊन, छापलेला आढळेल. मूळच्या ‘कण्टक’ शब्दातील ‘ण्’ची ती खूण होती. उच्चारात ती केव्हाच मावळली होती. तरी ती न लिहिणाऱ्यास त्या काळचे शिक्षक छडी दाखवीत. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम ठरले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिहिणे बंद झाले. आज ‘कांटेकोर’ लिहिणाऱ्याच्या वहीत शिक्षक लाल खूण करतील. मग काटेकोर कोण, टिंब देणारे की काढणारे? आमचे उत्तर : दोघेही. ज्याने आपल्या काळच्या मान्य मापाने मोजले, तो काटेकोर. दुकानांतून शेर व तोळे जाऊन १९६० च्या सुमारास किलो व ग्रॅम आले, म्हणून शेराने मोजणारे पूर्वीचे वाणी लबाड ठरत नाहीत. तेव्हा आजोबांच्या पत्रांतील अनुस्वार पाहून आमच्या विद्यार्थ्यांनी हसू नये. त्यांनी एकही टिंब चुकविलेले नाही, हे मोजून पाहावे.

आता ज्या तक्रारीपासून आम्ही आरंभ केला तिच्याकडे येऊ, आणि येथे आम्हांस पालकांशीही दोन शब्द बोलावयाचे आहेत. उत्तीर्ण होण्यास पस्तीस गुण लागतात आणि मुलास चौतीस मिळाले, असा प्रसंग दरवर्षी कोणत्या ना कोणत्या घरी येतो. आई शाळेत येते व म्हणते, “बाई, एकाच गुणाचा तर प्रश्न आहे. इतक्या काटेकोर का होता?” बाईंनी काय करावे? त्या मुलाची उत्तरपत्रिका पुनः तपासून कोठे तरी एक गुण वाढविला, तर ती दया झाली. दया वाईट असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याला छत्तीस मिळाले त्याची उत्तरपत्रिका पुनः कोणी तपासीत नाही. कदाचित तेथे दोन गुण चुकून अधिक पडले असतील. एकाच पारड्याकडे पाहून हलविलेला काटा तो काटा नव्हे. बाई खऱ्या काटेकोर असतील तर त्या म्हणतील, “ताई, मी सगळ्याच उत्तरपत्रिकांची बेरीज पुनः करते, मग जे निघेल ते तुम्हांलाही मान्य आणि मलाही.” हे उत्तर कठोर वाटेल, परंतु जिचा मुलगा पुढल्या बाकावर छत्तीस गुण घेऊन बसला आहे त्या दुसऱ्या आईचा विचार या उत्तरातच आहे.

आणि याची दुसरी बाजू शिक्षकांनीही ऐकावी. घंटेनंतर एक मिनिट उशिरा आलेल्या मुलास जो बाहेर उभा करतो, त्याचा स्वतःचा तासही घंटेबरोबर सुरू झाला पाहिजे व घंटेबरोबर संपला पाहिजे. मुलांस काटेकोरपणाचा राग क्वचितच येतो. एकतर्फी काटेकोरपणाचा मात्र तत्काळ येतो, आणि तो राग त्यांस शब्दांत सांगता येत नाही म्हणून ती “फार काटेकोर आहेत” असे म्हणून मोकळी होतात. मुलांचा शब्द चुकतो, तक्रार बहुधा चुकत नाही.

बाजारातही असेच घडते. एखादी मुलगी वाण्याकडे साखर घ्यावयास जाते. वाणी पुडा धपकन यंत्रावर टाकतो, आकडा क्षणभर पुढे धावतो, आणि तो मागे येण्यापूर्वीच पुडा उचलला जातो. ती म्हणते, “शेठ, आकडा थांबू द्या.” मागे उभे असलेले लोक हसतात, “केवढी काटेकोर पोर!” तिच्याबरोबरच्या मोठ्या माणसाने त्या वेळी लाजून तिचा हात ओढू नये. यंत्राची सरकारी तपासणी होऊन त्यावर शिक्का मारलेला असतो तो याचसाठी, की कोणत्याही गिऱ्हाइकाने आकडा थांबेपर्यंत वाट पाहावी. मात्र त्याच मुलीला वाण्याने चुकून दहा रुपये अधिक परत दिले, तर ती दुकानाच्या पायरीवरून मागे फिरते की नाही, यावर तिला तो शब्द शोभतो की नाही ते ठरेल.

व्याकरणाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. ‘काटेकोर’ हे विशेषण लिंग-वचनाने बदलत नाही : काटेकोर मुलगा, काटेकोर मुलगी, काटेकोर मोजमाप, काटेकोर नियम. ‘काटेकोरा’ किंवा ‘काटेकोरी’ अशी रूपे आम्ही वह्यांतून पाहिली आहेत. ती करू नयेत. भाववाचक नाम ‘काटेकोरपणा’, क्रियाविशेषण ‘काटेकोरपणे’. हा शब्द माणसास लावता येतो तसा हिशेबास, अंमलबजावणीस, पथ्यासही लावता येतो. ‘पथ्य काटेकोर पाळा’ असे वैद्य सांगतात. परंतु प्रेम, आठवण, आनंद यांस तो लागत नाही. ‘तिने माझ्यावर काटेकोर प्रेम केले’ असे कोणी लिहिले तर वाचणाऱ्यास हसू येईल, आणि का येते ते आता विद्यार्थ्यांस सांगता येईल.

अभ्यासासाठी काही वाक्ये देतो. ‘त्याने उसने घेतलेले तांदूळ मोजून परत केले, पण दिलेले मात्र विचारले नाहीत’. या मनुष्यास काटेकोर म्हणावे, उदार म्हणावे, की दोन्ही? ‘गवंड्याने ओळंबा लावून भिंत पाहिली’. येथे ‘काटेकोरपणे’ घालावयाचे तर वाक्यात कोठे घालाल, आणि जागा बदलली तर अर्थ बदलतो काय? ‘चौकीदाराने अनोळखी माणसाला अडविले, ओळखीच्याला सोडले’. येथे ‘शिस्तीचा’ हा शब्द तरी चालेल काय? शेवटी, ‘काटेकोर’ व ‘काटा मारणे’ हे दोन्ही प्रयोग एकाच तराजूतून निघाले आहेत. तर मग ‘काट्याने काटा काढणे’ आणि ‘अंगावर काटा येणे’ यांतील काटे कोणते, ते घरी आजी-आजोबांस विचारून लिहून आणावे.